लोकताकची वर्तुळे आणि इथाईचे पाणी



मणिपूरमधल्या लोकताक सरोवराचे हिवाळ्यातले एखादे स्वच्छ उपग्रहचित्र उघडले, की नजर आधी वर्तुळांवर जाते. काळसर पाण्यावर शेकडो वलये, कुठे ओळीने, कुठे एकमेकांना खेटून घोळक्याने. छद्मरंगी चित्रात ती लालभडक दिसतात, कारण हिरवी पाने आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परतवतात आणि पाणी तोच प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकते. या वलयांना तिथे ‘अथाफुम’ म्हणतात. तरंगत्या वनस्पतीचे पट्टे कापायचे, ते गोलाकार जोडायचे, बांबू रोवून जागच्या जागी धरायचे आणि आतल्या पाण्यात मासे गोळा होऊ द्यायचे, अशी ही पद्धत. मासेमारी हा बहुधा पाण्याखाली आणि होडीच्या आडोशाने चालणारा उद्योग. तो शेकडो किलोमीटर उंचीवरून इतका ठसठशीत दिसावा, असे गोड्या पाण्याच्या फार थोड्या जागी घडते. त्यामुळे पारंपरिक मासेमारीवर आकाशातून देखरेख ठेवावी का, ठेवली तर तिने काय सिद्ध होते, या प्रश्नाला लोकताकइतके चांगले उदाहरण आपल्या देशात मला दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे : हे चित्र खोटे बोलत नाही, पण त्यात जे सर्वांत ठळक दिसते त्यालाच आपण कारण समजून बसतो. वलये मोजली जातात. ज्या पाण्याच्या पातळीने ती वलये वाढवली, ती पातळी कारवाईच्या नकाशावर येत नाही.

आधी सरोवर समजून घ्यायला हवे. लोकताक हे ईशान्य भारतातले गोड्या पाण्याचे सर्वांत मोठे सरोवर. 1990 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, तेव्हा त्याचे क्षेत्र 26,600 हेक्टर नोंदवले गेले. तीनच वर्षांनी, 1993 मध्ये, ज्यांची प्रकृती ढासळते आहे अशा पाणथळ जागांच्या माँत्रो नोंदवहीत त्याचे नाव चढले आणि अजून ते उतरलेले नाही. या सरोवराचे वेगळेपण म्हणजे ‘फुमदी’. गवत, वेत, मुळे, कुजलेला पाला आणि माती यांचा एकजीव झालेला तरंगता थर. तो दोन मीटरपर्यंत जाड असू शकतो. त्याचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचे चार हिस्से पाण्याखाली असतात. हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे. पूर्वी फुमदीचे वर्ष ऋतूंशी बांधलेले होते. कोरड्या महिन्यांत पाणी उतरे, थर तळाच्या चिखलावर टेके, मुळे तिथून पोषण घेत. पावसाळ्यात पाणी चढले की थर पुन्हा वर येई, आणि त्याचे सुटलेले तुकडे खोरडाक व उंगामेल या प्रवाहांवाटे मणिपूर नदीत वाहून जात. म्हणजे सरोवर दरवर्षी फुमदीला खाऊ घालत होते आणि जादा झालेली फुमदी दरवर्षी बाहेरही काढत होते.

1983 मध्ये मणिपूर नदीवरचा इथाईचा बंधारा सुरू झाला. तो ज्या लोकताक जलविद्युत प्रकल्पासाठी बांधला, त्याची क्षमता 105 मेगावॉट. सरोवराचे पाणी पश्चिमेकडे बोगद्यातून लैमाताक नदीच्या खोऱ्यात उतरवायचे आणि त्या उतारावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. जनित्रांना वर्षभर पाणी लागते, म्हणून सरोवर वर्षभर भरलेले ठेवावे लागते. त्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 768.5 मीटर. जे पाणी ऋतूप्रमाणे चढत-उतरत होते ते चढलेलेच राहू लागले. यानंतर जे झाले ते ऐकायला विरोधाभासी वाटते : फुमदी एकाच वेळी पातळही झाली आणि जास्तही झाली. तळाशी टेकणे थांबल्यामुळे केइबुल लामजाओच्या बाजूचा जुना, सलग थर उपाशी राहून झिजू लागला. बाहेर जायची वाट अडल्यामुळे सुटे तुकडे मधल्या मोकळ्या पाण्यात साचू लागले आणि तिथेच फोफावले. इंफाळ शहराकडून नांबूल नदी जे सांडपाणी आणते, त्याने या वाढीला खतच घातले.

केइबुल लामजाओ हे तरंगते राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र सुमारे 40 चौरस किलोमीटर, आणि संगाई हरणाचा जगातला एकमेव नैसर्गिक अधिवास. संगाई 1951 मध्ये नामशेष झाल्याचे मानले गेले होते. 1953 मध्ये निसर्गअभ्यासक ई. पी. जी यांनी ते पुन्हा शोधून काढले. 1975 च्या गणनेत 14 हरणे दिसली, 2016 च्या गणनेत 260. आकडा आशादायक आहे. पण हरणाला उभे राहायला थर लागतो, आणि थर झिजला तर खूर खाली जातात. आता उपग्रहाकडे वळू. फुमदी जास्त झाली हे त्याला उत्तम दिसते, कारण जास्त होणे म्हणजे हिरवे क्षेत्रफळ वाढणे. फुमदी पातळ झाली हे त्याला दिसत नाही, कारण थराचे चार हिस्से पाण्याखाली आहेत आणि वरचे गवत तेवढेच हिरवे आहे. एकाच कारणाचे दोन परिणाम, त्यातला एकच चित्रात उमटतो. आणि जो उमटतो त्याच्या शेजारी योगायोगाने मच्छीमाराचे वलय असते. आरोप इथूनच सुरू होतो.

वलये वाढली हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. प्रश्न असा की ती का वाढली. पाणी कायमचे चढल्यावर सरोवराच्या काठची शेते बुडाली. किती बुडाली यावर आजही वाद आहे, पण बुडालेल्या शेतांचे मालक आणि मजूर पोटासाठी पाण्यावर उतरले, हे कुणी नाकारत नाही. त्याच बंधाऱ्याने माशांची वाटही अडवली. पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा. इरावतीला मिळणाऱ्या चिंडविन नदीच्या खोऱ्यातून मणिपूर नदीवाटे तो लोकताकमध्ये येत असे. इथाईनंतर ते येणे थांबले, आणि नैसर्गिक पाण्यातला पेंगबा दुर्मीळ होत गेला. आता ताटात असतो तो बहुधा तळ्यात वाढवलेला. मासे स्वतःहून येणार नसतील आणि मच्छीमार वाढले असतील, तर माशांना बोलावून धरून ठेवणारी पद्धत फोफावणार, यात नवल नाही. अथाफुम नेमके तेच करते. वलयाच्या आत तरंगती वनस्पती भरून ठेवतात. तिची सावली, मुळांवरचे जीवजंतू आणि आडोसा यांमुळे मासे तिथे राहतात, वाढतात. काही महिन्यांनी भोवताली जाळे लावून, आतली वनस्पती उपसून, मासे काढतात. कष्टाचे काम आहे आणि त्याला भांडवलही लागते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मग याला पारंपरिक म्हणायचे कशाला? फुमदीचा तुकडा जाळ्याने वेढून, दाबून मासे धरणे ही लोकताकची जुनी रीत आहे. पण आज चित्रात दिसणारा वलयांचा पसारा जुना नाही, तो मुख्यतः बंधाऱ्यानंतरचा आहे. मी हे मान्य करतो, आणि माझ्या मते त्याने माझीच बाजू बळकट होते. परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू असे धरले, तर पाणी बदलल्यावर मच्छीमाराने बदलायचे नाही, असा त्याचा अर्थ होईल. फुमदी ओळखणे, ती कापणे, वाऱ्यात ती धरून ठेवणे, कोणता मासा कोणत्या मुळांखाली थांबतो हे जाणणे, हे ज्ञान जुने आहे. त्याला नवा आकार दिला तो नव्या पाण्याने. पारंपरिक पद्धत बिघडली असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे, की परंपरेला ज्या ऋतूचा आधार होता तो ऋतू सरोवरातून कुणी काढून घेतला.

याहून गंभीर गोष्ट निवडीची आहे. लोकताकवर मासेमारी फक्त अथाफुमने होत नाही. बांबूचे सापळे आहेत, भाले आहेत, फेकजाळी आहेत, बायका काठाजवळ उथळ पाण्यात चालवतात ती हातजाळी आहेत. सरोवरावर सुमारे एक लाख माणसांचे जगणे अवलंबून आहे असे जे नेहमी सांगितले जाते, त्यातल्या कित्येकांचे जगणे या लहान साधनांवर चालते. यांपैकी एकही साधन उपग्रहाला दिसत नाही. अरुंद होडीही दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये विरून जाते. म्हणजे देखरेखीच्या कागदावर लोकताकची मासेमारी म्हणजे फक्त वलये. वलयाचा मालक आणि त्यात राबणारा माणूस एकच आहे की वेगळा, वलय चालू आहे की सोडून दिलेले, एका घराचे एक आहे की एकाच्या नावावर दहा, हेही चित्र सांगत नाही. न्यायाच्या दृष्टीने हेच प्रश्न पहिले. बायकांचे हातजाळे चित्रात नाही, म्हणून त्यांच्यावर कारवाई होत नाही, हा एक फायदा म्हणता येईल. पण मग नुकसानभरपाईच्या यादीतही त्या येत नाहीत.

आता मोजणीच्या तंत्राविषयी थोडे, कारण वलयांची संख्या अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत किती पट झाली, अशा विधानांवर आपण फार चटकन विश्वास ठेवतो. लँडसॅट-1 हा उपग्रह 1972 मध्ये गेला. त्याचा पिक्सेल सुमारे 80 मीटरचा. 1988 मध्ये आपला आयआरएस-1ए गेला. त्याच्या दोन कॅमेऱ्यांची क्षमता 72.5 आणि 36.25 मीटर. 1995 च्या आयआरएस-1सी वरच्या लिस-3 कॅमेऱ्याचा पिक्सेल 23.5 मीटर, 2003 च्या रिसोर्ससॅट-1 वरच्या लिस-4 चा 5.8 मीटर, 2015 पासूनच्या सेंटिनेल-2 चा 10 मीटर. अथाफुमची कड काही मीटरच रुंद असते. ऐंशी मीटरच्या चौकोनात ती पाण्यात मिसळून जाते, छत्तीस मीटरच्या चौकोनात पुसट डाग होते, सहा मीटरच्या चौकोनात स्वच्छ वर्तुळ होते. 1988 च्या चित्रात वलये नाहीत आणि 2003 नंतरच्या चित्रात भरपूर आहेत, यातली काही वाढ पाण्यावरची आहे आणि काही कॅमेऱ्यातली. दोन्ही वेगळ्या करायच्या तर नवे चित्र मुद्दाम खडबडीत करून जुन्याशी ताडून पाहावे लागते. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक ते करतातही. पण त्यांच्या अहवालातला सावध परिच्छेद बैठकीच्या टिपणापर्यंत पोचेतो गळून जातो आणि ‘इतके पट’ एवढेच उरते.

दुसरी अडचण ढगांची. मणिपूरमध्ये जून ते सप्टेंबर प्रकाशावर चालणारी उपग्रहचित्रे क्वचितच उपयोगाची निघतात, म्हणून बहुतेक अभ्यास नोव्हेंबर ते मार्च या काळातल्या चित्रांवर उभे आहेत. सरोवराचे निम्मे वर्ष चित्राबाहेर. 2014 पासून सेंटिनेल-1 चे रडार ढगांतून पाहू शकते, त्यामुळे ही उणीव आता भरून काढता येते. तिसरी अडचण वाऱ्याची. फुमदी तरंगते, सरकते, तुटते, जुळते. दोन तारखांची चित्रे एकावर एक ठेवून ‘इथे वाढली, तिथे घटली’ असा नकाशा काढला, तर तो काही वेळा फक्त वाऱ्याचा नकाशा असतो. जमिनीवरच्या शेतांसाठी आणि जंगलांसाठी रचलेली पद्धत तरंगत्या वस्तूला लावताना हा फरक धरावा लागतो. तो न धरता रंगवलेले नकाशे दिसायला मात्र तितकेच देखणे होतात.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, की मग देखरेखच नको. गरिबांच्या धंद्यावर आकाशातून डोळा ठेवायचा कशाला? हे मत मला पटत नाही. पारंपरिक मासेमारी वरून मोजल्याने तिचे भलेही होऊ शकते, याचा एक ठोस दाखला आहे. तो गोड्या पाण्याचा नाही, इराणच्या आखाताचा आहे. पण तिथली पद्धतही किनाऱ्यालगत भिंत किंवा कुंपण घालून ओहोटीला मासे अडकवण्याची, म्हणजे वरून दिसणारी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले संशोधक दलाल अल-अब्दुलरझ्झाक आणि डॅनिअल पॉली यांनी गूगल अर्थवरच्या चित्रांतून ही कुंपणे मोजली आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 2005 या वर्षासाठी त्यांचा अंदाज सुमारे 1,900 कुंपणांचा आणि जवळपास 31,000 टन मासळीचा होता. त्या प्रदेशातल्या देशांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेला कळवलेला आकडा होता 5,260 टन. सुमारे सहापट तफावत. या अभ्यासाची खरी करामत मोजणीत नाही, प्रश्नात आहे. चित्राने इथे मच्छीमाराची झडती घेतली नाही, सरकारी आकडेवारीची घेतली. लहान साधनांनी होणारी मासेमारी क्षुल्लक समजून जिची नोंदच नीट होत नव्हती, ती मोठी आहे, अन्नपुरवठ्यात तिचा वाटा मोठा आहे, हे त्यातून दिसले. ती कुंपणे जमिनीत रोवलेली, वाऱ्याने न हलणारी होती, त्यामुळे मोजणे सोपे होते हेही खरे. पण माझा मुद्दा तंत्राचा नाही. तेच आकाश, तशीच चित्रे. कुणाला जाब विचारायचा हे आधी ठरले आणि त्यावरून उत्तर बदलले.

लोकताकवर जाब कुणाला विचारला गेला? 2006 मध्ये मणिपूर लोकताक सरोवर संरक्षण कायदा झाला. सरोवराचे सुमारे 70 चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र आखले गेले आणि अथाफुम करणे, फुमदीवर झोपडी बांधून राहणे यांवर बंदी आली. नोव्हेंबर 2011 मध्ये लोकताक विकास प्राधिकरणाच्या कारवाईत चंपू खांगपोक भागातली शेकडो फुमशांग, म्हणजे तरंगत्या थरावरची घरे, जाळली गेली. जुलै 2022 मध्ये त्याच प्राधिकरणाने अथाफुम आणि झोपड्या पंधरा दिवसांत काढण्याची नोटीस काढली. या कारवाया उपग्रहचित्रामुळे झाल्या असे मी म्हणत नाही; कायदा आणि त्यामागचे हितसंबंध त्याहून जुने आहेत. पण चित्राने या कारवायांना एक सोय करून दिली. दोष कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येऊ लागले. इथाईचा बंधारा त्याच चित्रात आहे, दक्षिणेकडे एक बारीक रेघ. त्या रेघेने काय केले ते दाखवायला बारा महिन्यांची पातळी लागते, तीस-चाळीस वर्षांची तुलना लागते, आणि ती एका चित्रात मावत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येऊ. अथाफुमने सरोवराचे नुकसान होत नाही, असे मी म्हणू शकत नाही. वलये सुट्या फुमदीला अडवून धरतात, पाण्याचे फिरणे मंदावते, वलये करायला फुमदी कापावी लागते, बारीक जाळ्यात लहान मासेही येतात, आत भरलेली वनस्पती कुजते. हे सगळे खरे आहे, आणि वलयांची संख्या, त्यांच्यामधले अंतर, जाळ्यांच्या डोळ्यांचा आकार यांवर नियम हवेत, हेही मला मान्य आहे. माझा वाद क्रमाशी आहे. बाहेर जायची वाट बंद असताना वलये हटवली, तर वलयांची फुमदी सुटून सरोवरातच भटकते. यंत्रांनी ती उपसली तरी वाढीचे कारण जागेवर राहते आणि पोट भरण्याचे दुसरे साधन नसलेला माणूस पुन्हा वलय बांधतो. पाण्याच्या पातळीचे वेळापत्रक बदलले आणि मग वलयांवर मर्यादा आणली, तर दोन्ही टिकण्याची शक्यता आहे. उलट क्रमाने केले तर फक्त मच्छीमाराचे नुकसान कायम राहते. दोष एकट्या बंधाऱ्याचा नाही, नांबूलचे सांडपाणी आहे, डोंगरउतारांवरून येणारा गाळ आहे, हेही कबूल. ही सगळी कारणे ज्या यादीत आहेत, त्या यादीत ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याचे नाव पहिले का, एवढाच प्रश्न मी विचारतो आहे.

वीज हवी, बंधारा पाडता येणार नाही, असे यावर सांगितले जाते. पाडायची भाषा मी केलेली नाही. कोरड्या हंगामातल्या काही आठवड्यांपुरते पाणी फुमदी तळाला टेकेल इतके उतरवणे आणि पावसाळ्याच्या तोंडावर दरवाजे उघडून सुटी फुमदी वाहू देणे, ही मागणी नवी नाही. त्यात काही वीज कमी होईल. किती होईल आणि तिची किंमत फुमदी उपसण्याच्या वारंवारच्या खर्चाशी ताडून काय निघेल, हा हिशेब सार्वजनिक व्हायला हवा. त्यासाठी आधी पातळीची नोंद हवी, आणि ती ज्याच्या हातात दरवाजे आहेत त्याच्याच वहीतून घ्यावी लागू नये. हे आता शक्य आहे. 16 डिसेंबर 2022 रोजी अवकाशात गेलेला स्वॉट हा उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागाची उंचीच मोजतो. सहा-सात हेक्टरांपर्यंतची लहान तळीही त्याच्या टप्प्यात आहेत, मग लोकताक तर सहज आले. म्हणजे ज्या आकाशातून वलये मोजली जातात, त्याच आकाशातून इथाईने अडवलेले पाणी मोजता येते, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवता येतात. तसे करणे हा आता उपकरणांचा नाही, मनाचा प्रश्न आहे.

चित्रे मच्छीमारांना दिली तर ती चुकवाचुकवीसाठी वापरली जातील, ही भीती मी ऐकली आहे. लँडसॅटचा सगळा साठा 2008 पासून सर्वांना फुकट आहे, सेंटिनेलचाही आहे. लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही. उरली आहे ती वाचण्याची तयारी, आणि ती आज एकाच बाजूकडे आहे. मच्छीमारांच्या बाजूने पाहिले तर या साठ्यात त्यांच्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे. लँडसॅट-1 चे काम 1972 मध्ये सुरू झाले आणि बंधारा आला 1983 मध्ये. मधल्या अकरा वर्षांतली चित्रे खडबडीत आहेत, त्यांत वलय दिसणार नाही. पण पाण्याचा पसारा हिवाळ्यात किती आकसत होता, काठची जमीन कधी उघडी पडत होती, फुमदीचा सलग थर कुठवर होता, हे दिसते. आमच्या सरोवराला पूर्वी ऋतू होता, हे लोकताकचे म्हातारे मच्छीमार सांगतात तेव्हा ते कहाणी म्हणून ऐकून घेतले जाते. जुन्या लँडसॅटच्या साक्षीने तेच म्हणणे न्यायालयात मांडता येईल.

न्यायालयाचे नाव निघालेच आहे, तर आपल्या दारातली गोष्टही सांगतो. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांचे मानचित्र तयार केले; 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 जागांना संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये याच मानचित्राच्या आधारे सांगितले. त्यामुळे चित्रावरून पाण्याचा निवाडा करणे ही आता मणिपूरपुरती बाब राहिलेली नाही. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांकडे पाहा. तिथे ढीवर या मच्छीमार समाजातल्या बायकांच्या गटांनी बेशरम ही परकी वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले, कारण मासे अंडी घालतात ते देशी वनस्पतींच्या आडोशाने. त्या जागेचे आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र दोन्ही हिरवे. क्षेत्रफळ मोजणाऱ्याला तिथे काहीच झालेले दिसणार नाही. जाळे टाकणाऱ्याला मात्र लगेच कळते.

म्हणून लोकताकच्या देखरेखीत उपग्रहाच्या जोडीला बांबू हवा, असे मी सुचवतो, आणि हे अलंकारिक बोलणे नाही. फुमदीची जाडी पाण्याखाली आहे. ती मोजायला ठरलेल्या ठिकाणी थराला भोक पाडून खुणा केलेला बांबू खाली घालावा लागतो. हे काम सरोवरातल्या थांगा, कारांग आणि चंपू खांगपोक या वस्त्यांमधल्या मच्छीमारांइतके चांगले कुणाला जमणार नाही. केइबुल लामजाओत आणि मोकळ्या पाण्यात मिळून काही ठिकाणे ठरवावीत, प्रत्येक मोजणी उपग्रह सरोवरावरून जाण्याच्या दिवशीच व्हावी, आणि नोंदवहीत तीन रकाने असावेत : थराची जाडी, त्या दिवशीची इथाईची पातळी, आणि चित्रातून काढलेले फुमदीचे क्षेत्रफळ. मोजणाऱ्याला मजुरी मिळावी. तो स्वयंसेवक असू नये, कारण फुकटच्या साक्षीला आपल्याकडे वजन नसते. वही मच्छीमारांच्या संघटनेकडे राहावी, प्राधिकरणाकडे तिची प्रत. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथले आकाश बरेचसे निरभ्र असते, पूर्वी याच दिवसांत फुमदी तळाला टेकत असे, आणि सेंटिनेल-2 ची जोडी दर पाच दिवसांनी तिथून जाते. मोजणीला सुरुवात करायची तर याच दोन महिन्यांत करावी लागेल.